'पक्षी पाळता का?' : दीड वर्षाच्या खोकल्याचं निदान

काकू आमच्या ओपीडीत पहिल्यांदा आल्या, तेव्हा सुनेनं टेबलावर एक कापडी पिशवी रिकामी केली. तीन वेगवेगळे पंप, खोकल्याच्या औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या, रबर लावलेली केसपेपरांची गुंडाळी आणि चार एक्स-रे. दीड वर्षाचा खोकला त्या पिशवीत होता. काकू खुर्चीच्या कडेला पदर सावरून बसल्या होत्या. काय होतंय असं विचारल्यावर म्हणाल्या, "काय न्हाई बाई, जरा धाप लागतीय. जिना चढला की दम पुरत न्हाई. आन् खोकला जाईना."

वय ५८. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव. नवरा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, मुलाकडे पुण्याला राहायला आल्या. सातव्या मजल्यावरचा वन बीएचके. विडी-सिगारेटचा प्रश्नच नव्हता. मिश्री लावायच्या, तीही पुण्यात आल्यावर सुटली. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय गाभा आहे तसा आहे.)

केसपेपर तारखेप्रमाणे लावले, तेव्हा गोष्ट उलगडत गेली. आधी 'ॲलर्जिक खोकला'. मग 'दमा', म्हणून पंप. पंपानं फरक पडेना म्हणून दुसरा पंप, मग तिसरा. मध्ये एका ठिकाणी एक्स-रेवर दोन्ही बाजूंना धूसर डाग दिसले. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरीही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी काविळीचं निमित्त होऊन त्या बंद कराव्या लागल्या. कुणाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा टीबीच येतो, आणि बहुतेक वेळा तसं येणं बरोबरही असतं. पण फुप्फुसं ताठर करणाऱ्या आजारांच्या कित्येक रुग्णांच्या फायलीत हा टीबीचा मुक्काम असतोच, आणि त्यात महिने निघून जातात.

माझी पहिली चूक

गावाकडची बाई, साठीला आलेली, दम लागतो, कधी विडी ओढलेली नाही. हे ऐकताच माझ्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं: चूल. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा दीर्घ मुदतीचा आजार, होतो, आणि आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण म्हणजे लाकूड, शेणी आणि पिकांच्या धसकटांचा धूर, हे आम्हा छातीच्या डॉक्टरांना रोज दिसतं. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असावेत, असा ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज अभ्यासाचा अंदाज होता. मी विचारलं, "गावाला चुलीवर स्वयंपाक करत होता ना?" काकू म्हणाल्या, "व्हय तर! चाळीस वरीस." मी कागदावर लिहिलं: चुलीचा धूर, ४० वर्षं, सीओपीडी?

ते प्रश्नचिन्ह नावापुरतंच होतं. मनात निदान ठरून गेलं होतं.

त्याच भेटीत दोन गोष्टी या निदानाशी जुळत नव्हत्या. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा सीओपीडीत ऐकू येणारी शिट्टी नव्हती. श्वास आत घेताना खाली दोन्ही बाजूंना चुरचुर ऐकू येत होती, शाळेच्या दप्तराची चिकटपट्टी हळूहळू उचकटावी तशी. मधूनच एखादा बारीक, तुटक चित्कारही. आणि सून सहज बोलून गेली, "गावाला गेल्या की आईंना बरं वाटतं. शाळूच्या काढणीला तीन आठवडे होत्या, खोकला निम्म्यानं कमी. इथं आल्या की चारपाच दिवसांत परत सुरू, संध्याकाळी अंगात कसर." घरच्यांनी याचं श्रेय गावच्या हवेला दिलं होतं.

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. गावच्या घरी अंघोळीचं पाणी आजही चुलीवरच तापतं. चुलीच्या धुरानं आजारी पडलेलं माणूस चुलीपाशी परत गेल्यावर सुधारेल कसं? मी ते वाक्य लिहून घेतलं आणि पुढं गेले. चुरचुर ऐकली होती म्हणून सगळ्या तपासण्या मात्र एकदम लिहून दिल्या: श्वासाची पूर्ण चाचणी, चालण्याची चाचणी, एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन), रक्त.

भात्याची नळी की भात्याचं कातडं?

स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीची, आमची तंत्रज्ञ हे काम बारा वर्षं करतेय. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजनं मशीन तपासल्याशिवाय ती पहिल्या रुग्णाला बसवत नाही. काकूंच्या पिशवीत आधीचा एक स्पायरोमेट्रीचा कागद होता, कुठल्याशा शिबिरातला. तिनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, "मॅडम, या दोन सेकंदांतच थांबल्यात. हा रिपोर्ट धरू नका."

या चाचणीत यंत्राइतकंच रुग्णाकडून फुंकून घेणाऱ्या माणसावर अवलंबून असतं. पूर्ण श्वास भरून घ्यायचा, एका झटक्यात सोडायचा आणि छातीत काही उरत नाही तोवर सोडत राहायचं. रुग्ण मध्येच थांबला तर एकूण हवा खरी आहे त्यापेक्षा कमी मोजली जाते, आणि फुप्फुस आक्रसल्याचा भास होतो. म्हणजे शिबिरातल्या कागदावर छापलेला 'रिस्ट्रिक्शन' हा शब्द आजारामुळे आलेला असू शकत होता आणि अर्धवट फुंकण्यामुळेही. बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नसावं.

काकूंना नाकाला चिमटा लावून तोंडात नळी धरणं जमेना. तंत्रज्ञेनं आधी स्वतः करून दाखवलं. मग शेजारी उभी राहून, "घ्या काकू, घ्या, भरा छाती... आता फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्यापासून आलेख नीट येऊ लागला. तीन चांगले प्रयत्न मिळाले आणि त्यातले सर्वांत मोठे दोन एकमेकांशी दीडशे मिलिलिटरच्या आत जुळले, तेव्हाच तिनं आकडे माझ्याकडे पाठवले.

हे आकडे कसे वाचायचे, ते मी रुग्णांना लोहाराच्या भात्यावरून समजावते. भात्यातून हवा नीट येत नसेल तर कारणं दोन. नळी बुजलेली असते, किंवा कातडं ताठर झालेलं असतं. नळी बुजली तर भात्यात हवा भरपूर असते, पण बाहेर यायला वेळ लागतो. दमा आणि सीओपीडी या जातीचे. पहिल्या सेकंदात बाहेर आलेल्या हवेला एकूण बाहेर आलेल्या हवेनं भागायचं. पंप देऊन थांबल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीचं निदान पुढं नेता येतं. कातडं ताठर झालं तर भाता फुलतच नाही. जी थोडी हवा मावते, ती मात्र झटक्यात बाहेर येते. गुणोत्तर चांगलं, एकूण माप कमी.

काकूंची एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, १.३८ लिटर भरली. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईकडून अपेक्षित असते त्याच्या ६१ टक्के. गुणोत्तर ०.८५. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार फवारे देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकून घेतलं, आकडा जवळपास तिथंच. नळी मोकळी होती. दीड वर्ष पंप नळीवर मारले जात होते आणि दुखणं कातड्यात होतं.

माझ्या कागदावरचा सीओपीडी तिथंच खोडला गेला. चाळीस वर्षांच्या धुरानं काही इजा केलीच नसेल असं मी म्हणत नाही. पण समोरचा आजार तो नव्हता.

फुप्फुसात एकूण हवा किती मावते ते बंद काचेच्या पेटीत बसवून मोजलं: ६४ टक्के. म्हणजे आक्रसणं खरं होतं. त्यानंतरची चाचणी डीएलसीओची. अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा एकदा आत ओढायची, दहा सेकंद धरायची आणि सोडायची. किती वायू रक्तात गेला यावरून वायुकोशांची भिंत किती निरोगी आहे ते कळतं. अंगात रक्त कमी असलं तर हा आकडा उगाच कमी येतो, म्हणून काकूंचं हिमोग्लोबिन (११.२) धरून तो दुरुस्त केला. तरीही ४६ टक्केच. निम्म्याहून जास्त रस्ता बंद.

सहा मिनिटं चालल्यानंतर

या प्रकरणाचं निदान खरं तर आमच्या कॉरिडॉरमध्ये झालं, आणि ते मी केलं नाही.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी दिसायला अगदी साधी. तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन शंकू, बोटाला ऑक्सिमीटर. रुग्णानं आपल्या चालीनं फेऱ्या मारायच्या. शेजारचा माणूस गप्पा मारत नाही, ठरलेली दोनचार वाक्यं ठरलेल्या मिनिटाला म्हणतो. बसलेल्या काकूंचा ऑक्सिजन ९६ होता. बसून तपासणाऱ्या कुणालाही त्यांच्यात काही बिघाड दिसला नसता. चौथ्या मिनिटाला तो ८९ वर आला, सहाव्याला ८६. अंतर ३१८ मीटर.

चाचणी संपल्यावर रुग्णाला खुर्चीत बसवून दम किती लागला ते विचारायचं असतं. आमची फिजिओथेरपिस्ट त्याच्या पुढं स्वतःचा एक प्रश्न जोडते: "घरी असा दम कुठलं काम करताना लागतो?" काकू म्हणाल्या, "सकाळी गॅलरी झाडताना."

"एवढं काय असतं झाडायला?"

"पारव्यांची घाण. रोज निस्ती भरती गॅलरी. आन् डक्टात घरटी हायती, तिथनं पिसं येत्यात."

"पारवे येतात तुमच्याकडे?"

"येत्यात म्हंजी? मी जोंधळा टाकती की त्यांना. मुका जीव हाय. त्यास्नी घातल्याबिगर मी च्या घेत न्हाई."

फिजिओथेरपिस्टनं हे संभाषण चालण्याच्या चाचणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला जसंच्या तसं लिहिलं, 'पारवे' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद घेऊन थेट माझ्या खोलीत आली.

मी काकूंचा पहिल्या दिवसाचा फॉर्म काढला. त्यात पाचव्या ओळीवर छापील प्रश्न होता: 'घरी पक्षी पाळता का?' उत्तर: नाही. काकूंनी अगदी खरं सांगितलं होतं. पारवा कुणी पाळतं का? तो येतो, बसतो, घरटं करतो. पोपटाचा पिंजरा म्हणजे पाळणं. प्रश्न आम्ही चुकीचा विचारला होता, आणि तो वर्षानुवर्षं तसाच छापून येत होता.

त्याच दुपारी सुनेला फोन करून घराचे फोटो मागवले. बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये एसीच्या पाइपांवर विष्ठेचा वीतभर थर, घरटी, अंडी. गॅलरीच्या कठड्यावर ज्वारीचे दाणे. काकूंचं अंथरूण गॅलरीच्या दाराशी. त्या रोज सकाळी कोरड्या केरसुणीनं तो वाळलेला थर झाडत होत्या. तो उडून कुठं जात होता, ते त्यांच्या फुप्फुसांनी सांगितलंच होतं.

धूळ आत गेल्यावर

कबुतरांच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतली प्रथिनं इतक्या बारीक कणांवर बसलेली असतात की नाक-घसा ओलांडून ती थेट वायुकोशांत पोहोचतात. बहुतेकांच्या शरीराला त्याचं काही वाटत नाही. काहींची प्रतिकारशक्ती मात्र त्यांना शत्रू समजते आणि फुप्फुसाच्या आतल्या जाळीला सूज येते. रोज थोडी धूळ, रोज थोडी सूज, आणि काही महिन्यांनी-वर्षांनी सुजेच्या जागी व्रण. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नव्हे आणि तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. कुजलेल्या गवताच्या बुरशीनं शेतकऱ्यांना होणारं त्याचं रूप १९३२ साली इंग्लंडमध्ये नोंदलं गेलं. कबुतरं पाळणाऱ्यांमधलं रूप १९६५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडलं.

आपल्याकडे हा विरळा आजार मानायची सवय आहे, ती सोडायला हवी. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची भारतीय नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली. १९ शहरांतली २७ केंद्रं, १,०८४ रुग्ण. त्यातल्या ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, सगळ्या प्रकारांत सर्वांत जास्त. त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता, म्हणजे दोष एकट्या कबुतरांचा नाही. कूलरच्या ओल्या गवतातली बुरशी, भिंतीची ओल, पिसांच्या उशा, सगळं विचारावं लागतं. काकूंच्या घरी कूलर नव्हता, ओल नव्हती, उशी कापसाची होती. हेही फोटो बघून आणि सुनेला विचारून नक्की केलं.

गुरुवारची बैठक

एचआरसीटी आला. हा साधा सीटी स्कॅन नव्हे. एक-दीड मिलिमीटरचे पातळ छेद, श्वास आत धरून एकदा आणि पूर्ण सोडून एकदा. श्वास सोडलेली चित्रं काढायला तंत्रज्ञाला सांगावं लागतं, नाहीतर ती राहून जातात. या आजारात तर तीच सगळ्यात बोलकी असतात. निरोगी फुप्फुस श्वास सोडल्यावर चित्रात सगळीकडे सारखं उजळतं, राखाडी दिसतं. काकूंच्या फुप्फुसात काही चौकटी काळ्याच राहिल्या होत्या: बारीक श्वासनलिका सुजल्यामुळे तिथली हवा अडकली होती. त्यांच्या शेजारी सुजेची राखाडी धूसरता, आणि मधूनमधून निरोगी पट्टे. तीन छटा शेजारी शेजारी. शिवाय काही ठिकाणी व्रणांची जाळी आणि तिनं ओढल्या गेलेल्या नळ्या. म्हणजे काही भाग सुजेचा होता, जो परतू शकतो. काही भाग व्रणाचा, जो परतत नाही.

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी अशा रुग्णांवर एकत्र बैठक होते. छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, संधिवाततज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, आणि फिजिओथेरपिस्ट व तंत्रज्ञही. या आजारांत कुठलीही एक तपासणी एकट्यानं निदान देत नाही. एकाचा आजार दुसऱ्यासारखा दिसतो, आणि उपचार मात्र वेगळे, कधी कधी तर एकमेकांच्या उलट. स्टेरॉइड या आजारात दिलं जातं. कारण न सापडणाऱ्या व्रणांच्या आजारात, ज्याला आयपीएफ म्हणतात, दीर्घकाळ स्टेरॉइडनं फायदा होत नाही, अपाय होऊ शकतो.

रेडिओलॉजिस्टनं आधी काहीही न ऐकता चित्रं बघायचं ठरवलं होतं. इतिहास आधी ऐकला की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं, आणि चुलीच्या अनुभवानंतर मला ते फार पटलं. चित्रं बघून ते म्हणाले, "व्रण असलेला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. काहीतरी हुंगलं जातंय. काय ते तुम्ही सांगा."

संधिवाततज्ज्ञांनी आधीच काकूंची बोटं, सांधे, कातडी बघितली होती, डोळे-तोंड कोरडं पडतं का, थंडीत बोटं पांढरी पडतात का, हे विचारलं होतं. संधिवाताच्या जातीच्या काही आजारांची पहिली खूण फुप्फुसातच दिसते. रक्तात एएनए, म्हणजे अशा आजारांची चाहूल देणारी तपासणी, किंचित पॉझिटिव्ह होता. त्यांनी तो बाजूला ठेवला: इतका हलका एएनए निरोगी माणसांतही सापडतो, आणि बाकी एकही खूण नाही.

कबुतराच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली होती. एका तरुण सहकाऱ्याला वाटलं, झालं, निदान मिळालं. तसं नाही. ही प्रतिपिंडं म्हणजे शरीराची त्या धुळीशी ओळख झाल्याचा पुरावा. कबुतरांत राहणाऱ्या धडधाकट माणसांतही ती असतात. सापडली नाहीत म्हणून आजार नाही असंही म्हणता येत नाही.

खरा वाद तुकडा काढण्यावर झाला. फुप्फुसाचा तुकडा गोठवून काढायची सोय असताना तो काढून शंभर टक्के खात्री का करू नये? विरोधात बोलणारे म्हणाले, डीएलसीओ ४६ आहे, चालताना ऑक्सिजन ८६ वर येतो, रक्तस्राव किंवा फुप्फुसाला भोक पडलं तर ही बाई ते सोसेल का? माझंही मत तुकडा काढण्याच्या विरोधातच होतं. शेवटी २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सुचवलेला मधला मार्ग घेतला: दुर्बिणीतून फुप्फुसाचा एक भाग सलाइननं धुवायचा आणि त्या पाण्यातल्या पेशी मोजायच्या. कारण ठाऊक आहे, सीटी जुळतोय, आणि धुतलेल्या पाण्यात लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) भरपूर आहेत, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर तुकड्याशिवायही निदान भक्कम मानता येतं.

लिम्फोसाइट ४४ टक्के निघाल्या. निरोगी माणसात त्या दहा-पंधरा टक्क्यांच्या वर सहसा नसतात. तेच पाणी सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूंच्या जनुकीय तपासणीसाठीही पाठवलं होतं. टीबी नाही. हे दुसरं उत्तर माझ्यासाठी पहिल्याइतकंच महत्त्वाचं होतं, कारण लपलेल्या टीबीवर स्टेरॉइड देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. हृदयाच्या सोनोग्राफीत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर दाब नव्हता. बैठकीच्या वहीत निदान लिहिलं गेलं: व्रणयुक्त हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, कारण कबुतरं, खात्री मोठी.

"मग त्यांना कोण घालणार?"

निदान रुग्णाला सांगणं हाही निदानाचाच भाग आहे, असं मी मानते. काकूंना सांगताना मला शब्द सापडेनात. त्यांना वाटत होतं, फुप्फुसात गाठ असेल. गाठ नाही म्हटल्यावर चेहरा उजळला. मग पारव्यांचं सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. "मुक्या जिवाला दाणा घातल्यानं आजार व्हतो?" दाण्यानं नाही, त्यांच्या धुळीनं होतो, आणि तोही सगळ्यांना नाही, असं समजावलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग आता त्यांना कोण घालणार?"

२०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं ठरवलं, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली आणि लोक रस्त्यावर उतरले. त्या बातम्या वाचताना मला काकूंचा हा प्रश्न आठवत राहिला. दाणे टाकणाऱ्या माणसाच्या मनात दया असते, आणि तिची टिंगल करून कुणाचीही सवय सुटत नाही. काकूंच्या बाबतीत आम्ही एवढंच म्हटलं की गावाकडं अंगणात चिमण्यांना चार दाणे उघड्यावर टाका, लांबून. गॅलरीत नाही.

घराचं काम मुलानं केलं. डक्टला जाळी बसली. साफसफाई बाहेरच्या माणसांकडून, सगळं आधी पाण्यानं भिजवून, एन-९५ मास्क लावून. त्या आठवड्यात आणि पुढचे दोन महिने काकू गावी होत्या. हे मुद्दाम केलं: कबुतरं गेली तरी त्यांची प्रथिनं भिंती-पडद्यांत बराच काळ टिकतात. पडदे, चादरी, केरसुणी सगळं टाकून दिलं. सोबत स्टेरॉइड सुरू केलं, साखर आणि रक्तदाबावर नजर ठेवत, आणि हळूहळू कमी करत आणलं. व्रण वाढतच राहिले तर देण्यासाठी निन्टेडानिब हे औषध हाताशी आहे. तूर्त त्याची वेळ आलेली नाही.

चार महिन्यांनी पुन्हा सगळं मोजलं, त्याच तंत्रज्ञेनं, त्याच यंत्रावर. एफव्हीसी १.५४ लिटर, ६८ टक्के. डीएलसीओ ५२. चालणं ३५२ मीटर, आणि ऑक्सिजन ९० च्या खाली गेला नाही. खोकला रात्रीचा थांबलाय. जिन्याचा दम कमी झालाय, गेलेला नाही, आणि पूर्ण जाणारही नाही. एक वर्ष आधी आल्या असत्या तर व्रणांचा भाग कदाचित लहान असता. हे काकूंना मी सांगितलं नाही, त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

आमच्या फॉर्मवरची पाचवी ओळ बदलली आहे. आता तिथं असं आहे: 'घराच्या खिडकीत, गॅलरीत, डक्टमध्ये, गच्चीवर कबुतरं किंवा पारवे बसतात का? त्यांची घाण कोण झाडतं? कोरडी की भिजवून? दाणे टाकता का?' त्याखाली कूलर, ओल, पिसांची उशी यांच्या ओळी, आणि शेवटी एक प्रश्न, जो सुनेनं न विचारताच सांगितला होता: 'घर सोडून दुसरीकडं राहिल्यावर बरं वाटतं का?'

सून आणि दहा वर्षांचा नातू याच घरात, याच डक्टशेजारी तीन वर्षं राहिले आहेत. दोघांनाही काही त्रास नव्हता, तरी बोलावून घेतलं. नातवाला फुंकण्याची चाचणी म्हणजे खेळच वाटला, दुसऱ्याच प्रयत्नात त्याचा आलेख सुरेख आला. दोघांचेही आकडे नॉर्मल आहेत. मुलगा शिफ्टमध्ये काम करतो, त्याला अजून सुट्टी मिळालेली नाही. गेल्या भेटीत सुनेनं सांगितलं की सकाळी त्यालाही थोडा खोकला असतो. त्याची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. चुकवू नका, असं मी काकूंनाच सांगून ठेवलंय.